तेल बदलले आणि गिअरबॉक्स बिघडला: दोष नेमका कोणाचा?

तीन लाखांहून अधिक किलोमीटर धावलेला जुना पिकअप ट्रक सकाळी सनाइयातील गॅरेजात जातो. इंजिन ऑइल, फिल्टर आणि सोबत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेलही बदलले जाते. दुसऱ्या दिवशी रियाधहून दम्मामच्या वाटेवर, सुमारे चारशे किलोमीटरच्या प्रवासात, चालकाच्या लक्षात येते की गिअर पडताना झटका बसतो आहे. इंजिनचे फेरे वाढतात, पण वेग वाढत नाही. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स आधीच संपला होता. मालक म्हणतो, कालपर्यंत तर गाडी व्यवस्थित होती. या दोघांच्या मध्ये उभा असतो तो चालक, आणि सौदी अरेबियात तो चालक कोकणातला किंवा मराठवाड्यातला असणे मुळीच नवलाचे नाही.

तेल बदलल्यामुळे गिअरबॉक्स बिघडतो का? थोडक्यात उत्तर असे की, योग्य तेल योग्य मापाने भरले तर निरोगी गिअरबॉक्स त्यामुळे बिघडत नाही. सर्व्हिसिंगनंतरचा त्रास बहुधा दोन कारणांनी उद्भवतो. एक तर काम करताना लहानशी चूक राहिलेली असते, किंवा आधीपासून मुरलेला आजार आता उघड झालेला असतो. यांपैकी नेमके काय घडले हे ठरवता येते. मात्र त्यासाठी गिअरबॉक्स उघडण्याची घाई टाळावी लागते.

तेलाचे काम केवळ वंगणाचे नाही

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत क्लच चालकाच्या पायाखाली असतो. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो व तो तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे पोहोचवतो. आतील क्लचप्लेटही तेलाच्याच दाबाने एकमेकींना चिकटतात. म्हणजे हे तेल वंगण आहे, शीतक आहे आणि गिअर बदलणारा हातही तेच आहे. प्लेटांनी किती अलगद वा किती घट्ट पकड घ्यावी, हे तेलात मिसळलेल्या रसायनांवर अवलंबून असते. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत या कामासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळले जाई. त्यावर बंदी आल्यावर तेलांची घडण नव्याने करावी लागली.

म्हणूनच 'लाल तेल ते सगळे एकच' हा समज महागात पडतो. फोर्डचे जुने टाइप एफ आणि जनरल मोटर्सचे डेक्स्रॉन दोन्ही लालच, परंतु पकडीचा स्वभाव वेगळा. टोयोटाचे टी-फोर आणि त्यानंतरचे पातळ डब्ल्यूएस हीसुद्धा दोन निराळी तेले आहेत. रंग पाहून नव्हे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहूनच डबा उघडला पाहिजे.

उन्हाळा आणि पातळीचा घोटाळा

सर्व्हिसिंगनंतर सर्वप्रथम संशय घ्यावा तो तेलाच्या पातळीचा. तळाचा बोल्ट काढल्यावर सगळे तेल बाहेर येत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. अनेक गाड्यांत एका वेळी एकतृतीयांश ते निम्मेच तेल निघते. पुस्तिकेत त्यामुळे दोन मापे असतात: एक साध्या बदलासाठी, दुसरे पूर्ण कोरड्या गिअरबॉक्ससाठी. दुसरे माप पाहून तेल ओतले तर ते प्रमाणाबाहेर भरते, फिरत्या गिअरमध्ये घुसळून त्याचा फेस होतो. कमी भरले तर पंप हवा ओढतो. दोन्ही वेळा दाब कोसळतो आणि प्लेटा घसरतात.

डिपस्टिक असलेल्या बहुतेक जुन्या ट्रकांमध्ये सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, सर्व गिअरांतून एकदा फिरवून, तेल पुरते तापल्यावर पातळी पाहायची असते. डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत मात्र ठरावीक तापमानाला बोल्ट उघडून जादा तेल वाहून जाऊ देतात. हे तापमान अनेक मॉडेलांत ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सौदी अरेबियाची खरी अडचण येथेच आहे. ऑगस्टच्या दुपारी सावलीतली हवाच ४५ अंशांवर असते आणि नुकत्याच चालून आलेल्या गाडीतले तेल ८० अंशांच्या पुढे गेलेले असते. तापलेले तेल फुगते. त्या अवस्थेत बोल्ट उघडला की हवे त्यापेक्षा अधिक तेल वाहून जाते. गाडी गार झाल्यावर तूट उघडी पडते. उपाय साधा आहे: गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि पातळीचे काम पहाटे, तेलाचे तापमान मोजूनच करावे.

इतर लहान चुका आणि जुने दुखणे

फिल्टर बदलताना त्याचे जुने रबरी सील आतच चिकटून राहिले, किंवा नवे नीट बसले नाही, तर पंप तेथूनही हवा ओढतो. विजेचा एखादा जोड सैल राहतो. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल सरकते. बॅटरी काढली असेल तर काही गाड्यांचा संगणक गिअर बदलण्याच्या शिकलेल्या सवयी विसरतो आणि काही दिवस झटके देत पुन्हा शिकतो. हे दोष दुरुस्त करायला फार खर्च येत नाही.

'जुन्या गाडीच्या गिअर ऑइलला हात लावू नये' असे अनेक मिस्त्री सांगतात. त्यात अर्धे सत्य आहे. तेल साधारण ८० अंशांच्या पुढे दर दहा-अकरा अंशांच्या वाढीला आपले निम्मे आयुष्य गमावते, असा या व्यवसायातला ढोबळ नियम आहे. ओझे लादून ताइफचा अल-हदा घाट चढणे, वाळूने बुजलेला कूलर, तासन्तास चालू राहणारा एसी, या सगळ्यांनी तेल जळते, सील कडक होतात, प्लेटा झिजतात. मशीन लावून दाबाने धुलाई केली तर सुटलेला गाळ बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. म्हणून जुन्या गाडीत दाबाची धुलाई टाळून थोडे थोडे तेल दोन-तीनदा बदलणे शहाणपणाचे. शिवाय, गिअर घसरू लागल्यावरच पुष्कळांना तेल बदलण्याची आठवण होते. आजार आधीचा असतो, दोष मात्र औषधाला लागतो.

खरा निवाडा काढलेले तेलच करते. तपकिरी रंग आणि जळका वास म्हणजे प्लेटा जळल्याची खूण. तळाच्या चुंबकावर बारीक करडा लेप असणे स्वाभाविक; धातूचे कण वा कपच्या दिसल्या तर झीज आतवर पोहोचली आहे. तेल दुधाळ गुलाबी झाले असेल तर रेडिएटरचे पाणी त्यात मिसळले आहे, आणि ती गाडी पुढे चालवू नये.

भुर्दंड कोणी सोसायचा?

२००५ च्या सौदी कामगार कायद्यातील कलम ९१ नुसार, कामगाराच्या चुकीने किंवा सूचना मोडल्याने यंत्राची हानी झाली तरच दुरुस्तीची रक्कम वेतनातून कापता येते, आणि तीही दरमहा पाच दिवसांच्या वेतनाहून अधिक नाही. या आरोपाला आव्हान देण्याचा हक्क कामगाराला आहे. घरगुती चालक या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी नियमावली आहे. दोघांनाही लागू पडते ती गोष्ट एकच: जुन्या झिजेला 'चालकाची चूक' म्हणणे तेव्हाच सोपे जाते, जेव्हा हातात कागद नसतो.

त्यामुळे गाडी गॅरेजात देण्यापूर्वी जाणवणारे झटके मालकाला मोबाइलवर लिहून कळवावेत. किलोमीटरचा आकडा, जुन्या तेलाचा रंग, चुंबकावरचा गाळ आणि नव्या तेलाच्या डब्यावरचे नाव यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. बिलावर तेलाचा प्रकार आणि लिटर लिहून घ्यावेत. त्रास सुरू झालाच तर ओझे उतरवून गाडी थांबवावी आणि आधी पातळी, मग तेलाचा प्रकार, मग फिल्टर व जोड या क्रमाने तपासणी मागावी. घसरत्या गिअरवर आणखी दोनशे किलोमीटर ओढलेली गाडी दुरुस्त होण्याजोगा दोष कायमचा करून ठेवते, आणि मग 'चूक कोणाची' या प्रश्नाचे उत्तर चालकाच्या विरोधात जाते.