हाक मारण्याजोगे नाव

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील गादेस नगरात, म्हणजे आजच्या कादिसमध्ये जन्मलेल्या कोलुमेल्ला या रोमन ग्रंथकाराने शेतीवर एक विस्तृत ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागात मेंढ्या, शेळ्या आणि डुकरे यांचा परामर्श संपवून तो राखणीच्या कुत्र्यांकडे वळला, तेव्हा त्यांचा बांधा, रंग आणि आहार यांबरोबर त्यांना नाव कोणते द्यावे याचाही निवाडा त्याने करून ठेवला. नाव फार लांब असू नये, म्हणजे हाक कानी पडताच जनावर सावध होईल. पण उच्चारात दोन अवयवांहून ते तोकडेही नसावे. माद्यांसाठी त्याने सुचविलेल्या लॅटिन नावांत लूपा, केर्वा आणि टिग्रिस ही तीन आहेत. अर्थात लांडगी, हरिणी आणि वाघीण. लूपाचेच स्पॅनिश रूप ‘लोबा’. कुत्रीसाठी स्पॅनिश नाव शोधणाऱ्या आजच्या हौशी माणसाने नावांच्या लांबलचक याद्या चाळण्यापूर्वी या जुन्या शेतकऱ्याचा सल्ला घ्यावा, असे माझे मत आहे. कारण नावाचा अर्थ मालकासाठी असतो, कुत्रीला त्यातला केवळ नाद मिळतो.

आणि नादाच्या बाबतीत स्पॅनिश भाषा मोठी उदार आहे. तिच्यात स्वर पाचच, पण ते खणखणीत. स्त्रीलिंगी नामे बहुधा आकारान्त. आणि स्वरान्त शब्दांत आघात बहुधा उपान्त्य अवयवावर पडत असल्यामुळे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलेल्या कुत्रीला हाक मारताना ‘लूऽऽना’, ‘लोऽऽला’ असा स्वर हवा तितका ताणता येतो. लूना, म्हणजे चंद्र, हे नाव स्पेनमध्ये आणि दक्षिण अमेरिकेत इतके बोकाळले आहे की एखाद्या बागेत ते मोठ्याने उच्चारले असता एकीऐवजी तिघी धावत येण्याचा संभव अधिक. लूस (प्रकाश) आणि पास (शांती) ही नावे अर्थाने कितीही रमणीय असली तरी कोलुमेल्लाच्या कसोटीला उतरत नाहीत, कारण ती तोंडातून निघतात न निघतात तोच संपतात. उलट, एस्पेरान्सा (आशा) हे नाव इतके लांबते की घरातली माणसे दोन दिवसांत त्याचे ‘एस्पे’ करून टाकतात. चिस्पा, म्हणजे ठिणगी, हे मला विशेष आवडते. त्यातला ‘च’ आणि ‘स्प’ गलबल्यातूनही वेगळा ऐकू येतो आणि चपळ, लहानखुऱ्या कुत्रीला ते शोभूनही दिसते.

नादानंतर पाहावा रंग. शेताची राखण करणारा कुत्रा काळा असावा, म्हणजे दिवसा चोराला त्याची धास्ती वाटेल, आणि मेंढपाळाचा पांढरा असावा, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून त्याच्यावरच घाव पडणार नाही, असा कोलुमेल्लाचा दंडक होता. रंगावरून नाव कसे पडते ते स्पॅनिश साहित्यातही दिसते. स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसने 1613 साली प्रसिद्ध केलेल्या कथासंग्रहात वायादोलिद येथील इस्पितळात रात्रभर बोलत बसलेल्या दोन कुत्र्यांची एक कथा आहे. त्यांपैकी बेरगान्सा आपली हकीकत सांगताना मालकागणिक आपले नाव कसे पालटत गेले तेही सांगतो. सेव्हियाच्या कत्तलखान्यात तो ‘गाव्हिलान’, म्हणजे ससाणा. पुढे मेंढपाळांच्या हाती पडताच त्याच्या गळ्यात पोलादी खिळ्यांचा पट्टा अडकवला जातो आणि नाव होते ‘बार्सिनो’, अर्थात पांढऱ्यावर तपकिरी किंवा तांबूस छटांचा. हा पट्टा, ज्याला तिकडे कार्लान्का म्हणतात, हौसेचा अलंकार नव्हे. लांडगा प्रथम गळ्यालाच झोंबतो, म्हणून त्याच्या जबड्याला आडवे येतील असे टोकदार खिळे बाहेर काढलेले असतात. 1273 पासून 1836 पर्यंत ‘मेस्ता’ या मेंढपाळसंघाचा ज्या मुलखांवर अंमल चालला, तेथे मेरिनो मेंढ्यांच्या कळपांबरोबर असे पट्टे घातलेले मास्तीन जातीचे दांडगे कुत्रे शेकडो कोस चालत. बार्सिनोचे स्त्रीलिंगी रूप ‘बार्सिना’. आज ते क्वचितच कोणी ठेवीत असेल. पण ठिपकेदार, राकट कुत्रीला याहून अस्सल नाव मला सुचत नाही. सौम्य प्रकृतीच्या कुत्रीसाठी कानेला (दालचिनी), मोरा (काळे तुतीसारखे फळ), मान्चा (डाग), आणि कपाळावर पांढरा टिळा असल्यास लुसेरा, ही निवड आहेच. कानेलाचे पुल्लिंगी रूप कादिसमध्ये अजरामर झाले आहे: डायलिसिससाठी इस्पितळात गेलेला मालक मृत्यू पावल्यावर कानेलो नावाचा कुत्रा त्याच दारापाशी वर्षानुवर्षे थांबला आणि 2002 साली मोटारीखाली सापडून मेला. शहराने तेथल्या गल्लीला त्याचे नाव दिले.

माणसांची नावे कुत्रीला द्यावीत की नाही, हा प्रश्न तिकडेही नाजूक आहे. लोला हे दोलोरेसचे, पाका हे फ्रान्सिस्काचे, पेपा हे होसेफाचे लाडके रूप. तेव्हा अशा नावाने हाक मारताना शेजारच्या खिडकीत त्याच नावाची आजीबाई बसलेली नाही ना, याची खातरजमा करावी. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत मुलांची नावे दप्तरी दाखल करताना कास्तिलियन रूपाचा आग्रह धरला जाई आणि 1977 च्या कायद्याने तो जाच दूर झाला. कुत्र्यांच्या नावांवर मात्र सरकारची नजर कधी गेली नाही. आता गंमत अशी की दप्तराने कुत्र्यांनाही गाठले आहे. कातडीखाली ओळखचकती बसवून नोंदणी करणे स्पेनमध्ये बंधनकारक आहे, आणि 2021 च्या कायद्याने पाळीव जनावर ही जड वस्तू नसून संवेदनाक्षम जीव आहे, असे तेथील दिवाणी संहितेत लिहिले गेले.

नावाविना राहिलेली एक कुत्री मात्र सर्व नाववालींहून प्रसिद्ध आहे. 1518 साली ग्रिहाल्वा या स्पॅनिश सरदाराच्या मोहिमेतून मेक्सिकोच्या आखातावरील तेर्मिनोस येथे एक शिकारी कुत्री मागे राहिली. पुढल्या वर्षी कोर्तेसचे एक गलबत तेथे पोचले तेव्हा तुकतुकीत, गुबगुबीत झालेली ती किनाऱ्यावर शेपूट हलवीत आली. मधल्या काळात सशांवर तिचे उत्तम चालले होते. कोर्तेसचा शिपाई बेर्नाल दियास याच्या बखरीत तिचा वृत्तान्त आहे, नाव नाही. त्याच देशात 2017 च्या भूकंपात नौदलाची फ्रीडा, डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट घालून ढिगारे हुंगत फिरली, ती साऱ्या जगाच्या ओळखीची झाली. तिचे नाव मूळ जर्मन कुळीचे, पण चित्रकर्ती फ्रीडा कालोमुळे मेक्सिकोत घरचेच झालेले.

आपल्याकडच्या घरात अशी नावे आणताना स्पॅनिश वर्णोच्चाराचे दोनतीन नियम ठाऊक असलेले बरे. रोमन लिपीतला ‘जे’ तेथे ‘ख’सारखा, ‘व्ही’ बहुतेक ‘ब’, जोड ‘एल’ पुष्कळदा ‘य’, आणि ‘एच’ मुकाच. स्पेनच्या डोंगरात फुलणाऱ्या एका झुडपाचे नाव कुत्रीला देण्याची तेथे प्रथा आहे. ते आपण लिपीप्रमाणे ‘जारा’ म्हणू, आणि शुद्ध म्हणू गेलो तर ‘खारा’ होईल. लाडाचे रूपही आधीच ठरवावे, कारण ते प्रांतागणिक बदलते: लूनाची लूनिता सर्वत्र चालते, परंतु आरागोनात ‘-इका’, आस्तुरियासात ‘-इना’, कान्ताब्रियात ‘-उका’ हा प्रत्यय लागतो. तेव्हा एकाच कुत्रीला लूनिका, लूनिना किंवा लूनुका म्हणता येईल, आणि घरात आजी असेल तर ती या तिन्हींना बाजूस सारून आपले चौथे काढील.