पाळीव साप किती जगतो, हे कशावर ठरतं?

अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात जुलै २०२० मध्ये एका बॉल पायथॉन मादीने सात अंडी घातली. ती १९६१ पासून तिथे होती आणि तिचं वय साठीच्या पुढे असावं, असा संग्रहालयाचा अंदाज होता. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा अजगर घरातही नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. साप म्हणजे चार वर्षांचा पाहुणा, हा समज खोटा आहे.

त्याहून घातक समज म्हणजे जितकं खाऊ घालू तितका साप धडधाकट. जंगलात सापाला शिकार रोज मिळत नाही. त्याचं शरीर उपाशी राहायलाच घडलेलं आहे. मोठ्या बॉल पायथॉनला दोन-चार आठवड्यांतून एक उंदीर पुरतो. प्रजननाच्या काळात तो कित्येक महिने तोंडही लावत नाही, तेव्हा मालक घाबरून बळजबरी करतो. सतत भरवलेल्या सापाच्या यकृतावर चरबी साचते. अंग सैल सोडून पडलेला असतानाही खवल्यांच्या फटीतून कातडी दिसू लागली, तर तो लठ्ठ झालाय असं समजावं.

‘जिवंत उंदीर दिला म्हणजे साप खूश’ हेही चूक. रात्रभर पेटीत सोडलेला उंदीर सापाची पाठ कुरतडून हाड उघडं पाडू शकतो. म्हणून जाणकार गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून देतात.

आहाराइतकीच ऊब महत्त्वाची, कारण सापाचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. पेटीची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास आणि दुसरी थोडी थंड हवी. ऊब कमी पडली की गिळलेलं उलटून पडतं. हवा कोरडी असली की कात तुकड्यांत निघते आणि डोळ्यांवर अडकून बसते.

राहिली दुधाची गोष्ट. साप दूध पीत नाही, ते त्याला पचतही नाही. नागपंचमीपूर्वी गारुडी नागाला कित्येक दिवस पाणीच देत नाहीत. तहानेने व्याकूळ झालेला तो जीव समोर येईल ते पितो, आणि दूध फुप्फुसात गेलं तर दगावतो.

नाग, धामण, अजगर, मांडूळ हे आपल्याकडचे साप घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. असा साप कुठे कोंडलेला दिसला, तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.