चोचवाला समुद्री साप

चोचवाला समुद्री साप (शास्त्रीय नाव: हायड्रोफिस शिस्टोसस) हा नाग व मण्यार यांच्या कुळातील, म्हणजे इलॅपिडी कुळातील, अत्यंत विषारी साप आहे. वरच्या जबड्याचे टोक खाली वळलेले असल्याने त्यास हे नाव मिळाले. दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1803 मध्ये त्याचे वर्णन केले. ऑस्ट्रेलियाकडील तशाच चोचीचे साप दीर्घकाळ याच जातीचे मानले जात. मात्र 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून ते निकटचे नातेवाईकही नसल्याचे दिसून आले.

हा साप साधारणतः एक मीटरहून थोडा अधिक लांब असतो. पाठ राखाडी, पोट पांढुरके. पिल्लांच्या अंगावरील गडद पट्टे वयानुसार फिके होतात. शेपूट वल्ह्यासारखे चपटे असते व नाकपुड्या पाण्याखाली झडपांनी बंद होतात. श्वास घेण्यासाठी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते.

== अधिवास व आहार ==
इराणच्या आखातापासून आग्नेय आशियापर्यंत उथळ, गढूळ किनारी पाण्यात, खाड्यांत व नदीमुखांशी तो आढळतो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तो मासेमारीच्या जाळ्यांत वारंवार सापडतो. शिंगाळा व केंड हे त्याचे मुख्य भक्ष्य. गढूळ पाण्यात नजर फारशी उपयोगी नसल्याने तळालगत पोहताना मासा अंगाला लागताच तो चावतो. हनुवटीवरील खवला अगदी अरुंद असून खाचेत दडलेला असतो; त्यामुळे जबडा बराच ताणला जातो आणि काटेरी शिंगाळाही गिळता येतो. मादी पाण्यातच पिल्लांना जन्म देते. एका वेळी 30 पर्यंत पिल्ले होऊ शकतात, परंतु त्यांतील थोडीच प्रौढ होतात.

== विष व दंश ==
दंश बहुधा जाळ्यातून मासे वेचताना किंवा उथळ पाण्यात साप पायाखाली आल्याने होतो. 1950 च्या दशकात मलायातील पेनांग येथे डॉ. एच. ए. रीड यांनी मच्छीमारांना झालेल्या अशा दंशांचा अभ्यास केला. बहुतेक दंशांत विष फारसे टोचले जात नाही, असे त्यांना आढळले. येथेच फसगत होते. दात आखूड असल्याने जखम नगण्य दिसते, वेदना व सूज जवळजवळ नसते, आणि मनुष्य कामाला लागतो. विष शरीरात गेले असल्यास काही तासांत स्नायू दुखून ताठरतात, पापण्या जड होतात व लघवी काळपट होते. मोडलेल्या स्नायूंतील द्रव्यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. श्वसनाचे स्नायू लुळे पडल्यास मृत्यू ओढवतो.

भारतात सर्वत्र वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होते. समुद्री सापांचा त्यात समावेश नाही. ऑस्ट्रेलियात बनणारे प्रतिविष मात्र याच जातीच्या विषापासून तयार केले जाते. ते उपलब्ध नसल्यास कृत्रिम श्वसन व डायलिसिस यांवरच रुग्णाची मदार असते. म्हणून दंश क्षुल्लक वाटला तरी हातपाय न हलवता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. जखम कापू किंवा चोखू नये.