भुजादंड व तेलपात्र, ड्रॅग शर्यतीच्या एंजिनांतील

दट्ट्याच्या पश्चाग्र गतीचे परिभ्रमी गतीत रूपांतर करणाऱ्या दंडास भुजादंड किंवा क्रँकशाफ्ट, तर एंजिनाच्या तळाशी बसविलेल्या वंगणतेलाच्या भांड्यास तेलपात्र किंवा ऑइल पॅन म्हणतात. ड्रॅग शर्यतीत वाहन स्थिर अवस्थेतून सुटून बहुधा पाव मैलाचे, म्हणजे सु. ४०२ मी., सरळ अंतर कमीत कमी वेळात कापते. अशा एंजिनासाठी या दोन भागांची निवड एकत्रितपणे करावी लागते. कारण तेलाचा पुरवठा क्षणभर खंडित झाला, तरी उत्तम पोलादाचा भुजादंडही धारव्यांसह निकामी होऊ शकतो.

भुजादंड : दट्टे व संयोगदांडे यांच्यामुळे निर्माण होणाऱ्या निरूढी प्रेरणा परिभ्रमण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. मिनिटास ४,००० ऐवजी ८,००० फेरे झाल्यास त्या चौपट होतात. बिडाचा ओतीव भुजादंड स्वस्त असून सर्वसाधारण मोटारीस पुरतो. घडीव पोलादी भुजादंडात धातूची तंतुमय रचना आकारानुसार वळलेली असल्याने तो उलटसुलट ताण अधिक काळ सोसतो. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील वाहन उद्योगास घडाईच्या भागांची गरज मोठी आहे. असे भाग बनविणाऱ्या भारत फोर्ज या उद्योगाची स्थापना नीलकंठ कल्याणी यांनी १९६१ मध्ये केली; पुण्यातील मुंढवा येथील त्याच्या कारखान्यात भुजादंडांची घडाई होते. मात्र नेहमीच्या वाहनाचा भुजादंड मुख्यतः दीर्घ आयुष्यासाठी, तर शर्यतीचा अल्पकालीन पण तीव्र भारासाठी आखलेला असतो.

धाव वाढविल्यास एंजिनाची घनक्षमता वाढते, परंतु दट्ट्याचा वेगही वाढतो. मिनिटास ८,००० फेऱ्यांना ८० मिमी. धावेत त्याचा सरासरी वेग सेकंदास सु. २१ मी., तर ९० मिमी. धावेत २४ मी. असतो. खुंट व भुजा यांच्या सांध्यातील गोलावा, पृष्ठभागाचा कठीणपणा व प्रतिभारांचा समतोल यांची तपासणीही आवश्यक असते. चाकण येथे तयार होणाऱ्या पल्सर मोटारसायकलींच्या एक सिलिंडरी एंजिनात भुजादंड दाबून जोडलेल्या भागांचा असतो; जादा शक्ती घेतल्यास त्याची खुंटी आपल्या जागी सरकण्याचा धोका असतो.

तेलपात्र : वाहनाचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाइतका झाला, तर तेलाचा पृष्ठभाग ४५° कलतो व तेल मागे साठते. म्हणून पंपाचे शोषणमुख मागील बाजूस ठेवतात. शर्यत संपल्यावर ब्रेक दाबताच तेच तेल पुढे धावते व शोषणमुख उघडे पडण्याचा संभव असतो. ते टाळण्यासाठी आडव्या पट्ट्या व एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा बसवितात. भुजादंडाचे प्रतिभार तेलात बुडल्यास तेलास फेस येतो व शक्ती वाया जाते. त्यामुळे पात्र खोल ठेवून मध्ये जाळीदार पत्रा बसवितात. वाढीव धावेच्या भुजादंडासोबत संयोगदांड्याचे टोक पात्रास घासत नाही ना, हे हाताने भुजादंड फिरवून पाहणे अगत्याचे असते. अतितीव्र प्रवेगाच्या वाहनांत काही वेळा तेल निराळ्या टाकीत ठेवून ते पंपांनी खेळवतात. त्यामुळे पात्र उथळ करता येते, पण वजन व खर्च वाढतो.