आधी टायर, मग दोरी, उंची सगळ्यात शेवटी

जीप किंवा तिच्या जातीची चारचाकी स्वतः सुधारायची, म्हणजे तिच्यातल्या चारपैकी एक तरी गोष्ट बदलायची: चाकांची पकड, पोटाखालची मोकळीक, कमी वेगातली ओढ आणि अडकल्यावर बाहेर पडण्याची सोय. बाकीचे सारे, म्हणजे दिवे, गार्ड, कॅरियर आणि स्टिकर, या चारांच्या मागून येतात. बहुतेक मालक मात्र नेमके त्यांच्यापासूनच सुरुवात करतात, आणि पैसा तिथेच संपतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात या गाड्यांचा वावर जुना आहे. नगर शहरात आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल आहे, 1994 साली उघडलेले रणगाडा संग्रहालय आहे, आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहनांसाठीची प्रयोगशाळा, म्हणजे व्हीआरडीई, शहराजवळच्या वाहननगरात आहे. शेजारच्या नाशकात महिंद्राची थार बनते. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जीप आणि जबलपूरला बनलेल्या जोंगा दुरुस्त करून वापरणाऱ्यांची एक पिढी महाराष्ट्रभर होऊन गेली. गावोगावच्या काळ्यापिवळ्या कमांडर आणि ट्रॅक्स गाड्यांचे पाटे वाढवणे, मागे बाकडी बसवणे ही कामेही साध्या गॅरेजातच होत आली. ज्याला आज मॉडिफिकेशन म्हणतात, त्याचा पाया या कामांत आहे.

गाडीत काय बदलायचे हे जमीन ठरवते, आणि या एकाच जिल्ह्यात जमिनीचे स्वभाव टोकाचे वेगळे आहेत. पश्चिमेला अकोले तालुका सह्याद्रीत शिरतो. 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, हरिश्चंद्रगड, 1926 साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण आणि त्यामागचा रतनवाडी, घाटघर, साम्रदचा मुलूख याच तालुक्यात येतो. इथे मुसळधार पाऊस, भातखाचरांचा गाळ, ओले बसाल्टचे कातळ आणि वाहते ओढे. पूर्वेला नेवासे, शेवगाव, राहुरी, श्रीरामपूर या भागांत खोल काळी माती आहे. पाणी पिऊन ती फुगते, टायरच्या नक्षीत गच्च भरते आणि चाक गुळगुळीत करून टाकते. उसाच्या फडातून पाणंदीने बाहेर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला तिचा हिसका ठाऊक असतो. दक्षिणेच्या पारनेर, कर्जत, जामखेड भागात पाऊस कमी; तिथे मुरूम, सुटे दगड आणि ओढ्यांतली वाळू. अकोल्याच्या चढांसाठी केलेली गाडी शेवगावच्या चिखलात तितकीच चांगली चालेल असे नाही.

पहिली सुधारणा म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशी परत करणे. जुन्या जीपमध्ये किंवा जिप्सीत स्टिअरिंगचा खुळखुळा, झिजलेले किंगपिन, फाटलेले बुश, गळणारे हब सील, वाकलेला एखादा पाटा हे दोष जवळपास ठरलेले असतात. मोठे टायर लावले की हेच दोष दुप्पट जोराने बोलतात: पन्नासच्या वेगाला पुढची चाके थरथरू लागतात आणि मालक दोष नव्या टायरला देतो. म्हणून चासीवरचा गंज खरवडून वेल्ड तपासणे, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे तेल बदलणे, ब्रेकचे होज आणि लायनर पाहणे, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस देणे ही कामे आधी उरकावीत. यातली बरीचशी पाने, जॅक, मजबूत स्टँड आणि सर्व्हिस मॅन्युअल एवढ्या सामग्रीवर घराच्या अंगणात होतात. फक्त जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड नसेल तर काम थांबवावे.

त्यानंतर टायर. रुपयामागे सर्वात जास्त फरक इथेच पडतो. रस्त्याच्या टायरची नक्षी बारीक आणि दाट असते, मड टेरेन टायरचे ठोकळे मोठे आणि त्यांमधल्या चरी रुंद असतात, त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. काळ्या मातीत याला पर्याय नाही. पण ओल्या डांबरावर हाच टायर लवकर घसरतो, आवाज करतो आणि झिजतोही भराभर. आठवड्याचे सहा दिवस नगर-पुणे रस्त्यावर आणि एक दिवस शिवारात चालणाऱ्या गाडीला ऑल टेरेन टायर हीच शहाणी निवड ठरते.

माप वाढवताना हिशेब करावा. बोलेरोवर येतो तो 215/75 आर 15 मापाचा टायर साधारण 703 मिलिमीटर व्यासाचा, तर 235/75 आर 15 साधारण 733 मिलिमीटरचा. व्यास 30 मिलिमीटर वाढला, पण धुऱ्याखालची मोकळीक त्याच्या निम्मीच, म्हणजे 15 मिलिमीटर वाढली. स्पीडोमीटर 60 दाखवील तेव्हा गाडी खरोखर साडेबासष्टच्या आसपास धावत असेल. चाक जड झाल्याने ब्रेकला जास्त काम पडते, इंजिनाची ओढ कमी भासते, आणि पुरे वळण घेताना टायर मडगार्डला किंवा पाट्याला घासू शकतो. एवढे पाहून एक माप वाढवणे ठीक. त्यापुढे गेले की गिअरचे प्रमाण, ब्रेक, स्टिअरिंग सगळेच बदलावे लागते.

नवा टायर घेण्याआधी हवा कमी करून पाहावी. हा फुकटचा उपाय आहे. रस्त्यावर 28 ते 30 पीएसआय ठेवणारा मालक वाळूत किंवा चिखलात 18 पर्यंत उतरला, तर टायर लांबट पसरतो आणि पकड लगेच वाढते. 15 च्या खाली मात्र टायर रिममधून निसटण्याची भीती असते. डांबरावर परतण्यापूर्वी हवा भरलीच पाहिजे, म्हणून बॅटरीवर चालणारा कंप्रेसर आणि विश्वासाचा गेज या दोन वस्तू कोणत्याही शोभेच्या दिव्याआधी घ्याव्यात.

पकडीची दुसरी बाजू डिफरन्शियलमध्ये आहे. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, त्यासाठी डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. मात्र एक चाक हवेत उचलले गेले की तेच गरगर फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ बसते. फोर व्हील ड्राइव्ह असूनही गाडी दोन चाकांवर अडकते ती अशी. लॉकर हा दोष काढतो, कारण तो दोन्ही चाकांना एकत्र बांधतो. पण तो बसवताना क्राऊन-पिनियनची जुळणी शतांश मिलिमीटरमध्ये करावी लागते. हे अंगणातले काम नाही. लो रेशोचा गिअर कारखान्यातूनच मिळालेला असतो, त्याने ओढ साधारण दोन ते अडीच पट होते, आणि बरेच चालक तो वापरतच नाहीत. उतारावर लो रेशोचा पहिला गिअर टाकून ब्रेकवरचा पाय काढणे शिकले, तर निम्म्या सुधारणांची गरज उरत नाही. साध्या पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीत चारही चाके कोरड्या डांबरावर जोडून ठेवू नयेत. पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि काहीतरी तुटते.

अडकल्यावर सुटण्याची सोय हा माणसाच्या जिवाशी निगडित भाग आहे, आणि त्याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. चासीला पक्क्या बोल्टने बसवलेले पुढे-मागे एकेक ओढण्याचे ठिकाण, वजनाची क्षमता कोरलेले शॅकल, ताणला जाणारा पट्टा, जाड हातमोजे आणि फावडे एवढा संच पुरतो. बंपर, ट्रेलरचा गोळा किंवा धुरा यांना दोरी बांधून झटका दिला तर तुटलेला लोखंडी तुकडा गोळीसारखा येतो, आणि त्यात माणसे दगावलेली आहेत. विंच घ्यायचा झाला तर त्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट तरी हवी: 2200 किलोच्या गाडीला 3300 किलोच्या खालचा विंच नको. लिहिलेली क्षमता ड्रमवर दोरीचा शेवटचा एकच थर उरलेला असतानाची असते. थर जितके जास्त, ओढ तितकी कमी. पोलादी दोरीवर जाड घोंगडी टाकावी, आणि ताणलेल्या दोरीच्या आसपास कोणालाही उभे राहू देऊ नये.

आता उंची. चढाचा, मधला आणि उताराकडचा असे तीन कोन गाडी कुठे टेकेल हे सांगतात. 2020 च्या थारचे हे कोन 41.8, 27 आणि 36.8 अंश आहेत, जमिनीपासूनची उंची 226 मिलिमीटर. विनाबदल एवढी क्षमता असलेल्या गाडीला आणखी उचलण्याचे कारण क्वचितच असते. लिफ्ट किट बॉडी आणि चासी वर नेते, पण सलग धुऱ्याच्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो, आणि दगडावर आपटतो तो हाच गोळा. गोळा उचलायचा तर टायरच मोठा करावा लागतो. शिवाय गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर जातो आणि अकोल्याच्या तिरक्या उतारांवर उलटण्याचा धोका वाढतो. शाफ्टचा कोन तीव्र होतो, क्रॉस लवकर जातात, पुढच्या धुऱ्याचा कल बदलल्याने स्टिअरिंग सरळ राहत नाही, ब्रेकचे होज ताणतात. पाटे धुऱ्याखालून काढून वर बसवण्याची जुनी युक्ती जीपवर अनेकांनी केली आहे, पण धुऱ्यावर नवे पॅड वेल्ड करून स्टिअरिंगचे दांडे न बदलता ती केली, तर एका चाकाला खड्डा लागताच गाडी आपोआप वळते. उंची सगळ्यात शेवटी ठेवावी ती या साखळीमुळे. पोटाखाली जाड पत्र्याचे स्किड प्लेट बसवणे अनेकदा पुरेसे होते. ते घरी करता येते, फक्त तेल काढण्याच्या बोल्टसाठी भोक आणि चिखल निघून जायला वाट ठेवावी.

पाण्यात उतरणाऱ्या गाडीचे शत्रू दोन. एक म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेने शिरणारे पाणी. हवेसारखे पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागीच बसते. स्नॉर्केल हवेचे तोंड वर नेतो, पण सांधे हवाबंद नसतील तर तो नुसता दिखावा. दुसरा शत्रू ब्रीदर, म्हणजे डिफरन्शियलचे हवा येण्याजाण्याचे छिद्र. चालून तापलेले डिफरन्शियल थंड ओढ्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक इंजिनाच्या खोलीत उंचावर बांधणे हे काही शे रुपयांचे काम आहे, आणि सह्याद्रीकडच्या प्रत्येक गाडीला ते करावे. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा 650 मिलिमीटर दिलेली आहे. वाहत्या पाण्याचा धक्का तिच्यात मोजलेला नाही.

यंत्राइतकाच कायदाही समजून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील आणि कंपनीने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. पुढच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करण्याचे पत्र केंद्राने राज्यांना डिसेंबर 2017 मध्ये पाठवले. पादचाऱ्याला होणारी इजा हे त्यामागचे मोठे कारण. इंजिन, चासी, इंधनाचा प्रकार, रंग असे काहीही बदलण्यापूर्वी नगर किंवा श्रीरामपूरच्या आरटीओत विचारणा करावी, आणि विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो.

या कडकपणामागचे कारण नगरमध्येच समजते. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 126 मध्ये नव्या वाहनांच्या नमुन्यांची चाचणी करणाऱ्या संस्थांत व्हीआरडीईचे नाव आहे. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर असे सारे एकत्र तपासले जाते, कारण एक भाग बदलला की दुसऱ्याचे वागणे बदलते. अंगणात उंच केलेली गाडी या कसोटीतून गेलेली नसते. ब्रेक, स्टिअरिंग आणि चासीची मूळ रचना घरी बदलू नये, असे म्हणण्याला एवढा आधार पुरेसा आहे.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वाट सोडून गाडी घालणे हा वन्यजीव कायद्याचा विषय आहे, मग गाडी कितीही सक्षम असो. स्वतःचे शेत, संमती घेतलेले खासगी माळरान आणि कच्चे सार्वजनिक रस्ते एवढीच तिची जागा. खाचरात पीक उभे असताना बांधावरून चाक घातले तर एका कुटुंबाचे वर्ष वाया जाते.

फेरीहून परतल्यावरची तपासणी सुधारणेचाच भाग धरावी. ड्रम ब्रेकमधला गाळ धुऊन काढावा, डिफरन्शियलचे तेल पांढुरके दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजून ते त्याच दिवशी बदलावे, क्रॉसला नवे ग्रीस दाबून जुने बाहेर काढावे, रेडिएटरच्या जाळीतली माती मागच्या बाजूने हलक्या धारेने उडवावी. पाट्यांचे यू-बोल्ट नवे असतील, तर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ते टॉर्क रेंचने पुन्हा आवळावे लागतात, आणि तेही चारही चाके सपाट जमिनीवर टेकलेली असताना.