उरलेली कातडी

वजन उतरते तेव्हा चरबी जाते, कातडी मागे राहते. पाच-दहा किलोंचा प्रश्न असेल तर ती हळूहळू आवळून येते. पन्नास-साठ किलो उतरले की तिला ते जमत नाही. पोटाची घडी मांड्यांवर येते, दंडांखाली झोळ लोंबतात, छाती आणि नितंब ओघळतात. ही जादा कातडी काढून उरलेली पुन्हा ताणून शिवण्याच्या शस्त्रक्रियांना ‘बॉडी कॉन्टूरिंग’ म्हणतात. आपल्याकडे त्यांची गणना सर्रास ‘सौंदर्यशस्त्रक्रियां’त होते. या नावामागे काय झाकले जाते, आणि विशेषतः शस्त्रक्रियेनंतर बरे होण्याचा काळ कसा झाकला जातो, हे या लेखात मांडायचे आहे. मी डॉक्टर नाही. वैद्यकाच्या इतिहासाचे वाचन मी माझे मीच करत आले आहे. धाकट्या बहिणीच्या अशा शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे मी तिच्या घरी राहिले. वाचलेले आणि पाहिलेले, दोन्ही इथे एकत्र येईल.

प्रश्न जुना, प्रमाण नवे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारच्या ‘निंदित’ शरीरांची चर्चा आहे. त्यांतल्या अतिस्थूलाचे लक्षण सांगताना नितंब, पोट आणि स्तन चालताना हलतात, असे निरीक्षण नोंदलेले आहे. वाढलेला मेद त्वचेला खाली ओढतो हे जुन्या वैद्यांनी पाहिले होते. पण खूप वजन उतरल्यावर रिकामी राहिलेली त्वचा हा मोठ्या संख्येने भेडसावणारा प्रश्न अलीकडचा आहे, कारण इतके वजन उतरवून ते टिकवणे पूर्वी फार थोड्यांना साधत असे.

१८९९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली या स्त्रीरोगतज्ज्ञाने एका रुग्णाच्या पोटावरून चरबीसकट कातडीचा आडवा पट्टा काढला. त्याचे वजन सुमारे साडेसात किलो होते. त्यानंतर १९६० च्या दशकात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा मार्ग वळवून वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. ब्राझीलमध्ये इव्हो पितांगी यांनी पोटावरची शस्त्रक्रिया खालच्या, कपड्यांत झाकल्या जाणाऱ्या छेदातून करण्याची पद्धत १९६७ साली मांडली. पहिलीने रिकामी कातडी घेऊन वावरणारी माणसे वाढवली, दुसरीने ती कातडी काढण्याची वाट सोपी केली. १९९१ साली टेड लॉकवूड यांनी त्वचेखालच्या चरबीतून जाणाऱ्या चिवट पडद्याचे महत्त्व दाखवले. टाक्यांचा सगळा ताण त्वचेवर न ठेवता या पडद्यावर घ्यायचा, म्हणजे वण रुंदावत नाही आणि शिवण टिकते, असा त्यांचा विचार. मांड्या, नितंब आणि पोट एकाच वेळी वर ओढून घेण्याच्या आजच्या शस्त्रक्रिया याच विचारावर उभ्या आहेत.

२०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि ‘वेगोवी’ ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात आली. या लेखाचा विषय त्यामुळे पुढच्या काही वर्षांत आणखी अनेक घरांत पोहोचेल.

कातडी का आवळत नाही

त्वचेच्या आतल्या थरात दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजन तिला बळ देते. इलास्टिन तिला ताणल्यावर पूर्ववत आणते. वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेत इलास्टिनचे तंतू तुटतात, आणि प्रौढ शरीर ते फारसे नव्याने बनवत नाही. कंबरेचा जुना इलॅस्टिक एकदा सैल झाला की धुऊन, वाळवून घट्ट होत नाही, तसेच हे. व्यायामाने खालचे स्नायू भरतात. तेल, मलम, मालिश यांनी त्वचा मऊ होते. जादा क्षेत्रफळ मात्र तेवढेच राहते.

त्या जादा क्षेत्रफळाचे त्रास रोजचे आहेत. घडीत घाम साठतो, त्वचा काचते, सोलवटते आणि बुरशीचा संसर्ग पुन्हापुन्हा होतो. आपल्या दमट पावसाळ्यात तर घडी कोरडी ठेवणे हेच एक काम होऊन बसते. लोंबणाऱ्या पोटाने कंबर दुखते, भरभर चालता येत नाही, मापाचे कपडे मिळत नाहीत. माझी बहीण ११८ किलोंवरून ६६ वर आली तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले. ती साडीच्या आत पोटाच्या घडीत सुती कापड ठेवून शाळेत शिकवायला जात होती, हे घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हते.

पहिले सहा आठवडे

वजन स्थिरावल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करत नाहीत. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण एक ते दीड वर्ष जाऊ देतात, आणि त्यातले निदान शेवटचे तीन-सहा महिने काटा एका जागी असावा लागतो. तंबाखू आणि सिगारेट काही आठवडे आधी बंद करावी लागते, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणून शिवलेल्या कातडीची कड काळी पडून मरू शकते.

आता जखमेचा आकार पाहू. पोटापुरती शस्त्रक्रिया असली तरी छेद एका कंबरेपासून दुसऱ्या कंबरेपर्यंत जातो. ‘बेल्ट लिपेक्टमी’ असेल तर तो पट्ट्यासारखा संपूर्ण शरीराभोवती फिरतो. वरची कातडी स्नायूंवरून सुटी करून खाली ओढलेली असते. या सुट्या झालेल्या जागेत द्रव पाझरतो. तो बाहेर यावा म्हणून बारीक नळ्या ठेवतात. त्यांना ‘ड्रेन’ म्हणतात. त्यांच्या टोकाला दाबून बसवायचा प्लॅस्टिकचा फुगा असतो. घरी गेल्यावर तो ठरल्या वेळी रिकामा करायचा, मोजायचा आणि लिहून ठेवायचा. चोवीस तासांत साधारण तीस मिलिलिटरच्या खाली आला की नळी काढण्याचा विचार होतो. आमच्या वहीत पहिल्या दिवशी एका बाजूला १४० आणि दुसऱ्या बाजूला ११० असे आकडे आहेत, अकराव्या दिवशी २५ आणि २०. नळी निघाल्यावरही द्रव साठू शकतो. त्याला ‘सेरोमा’ म्हणतात. पोटावर हात ठेवला तर आत पाणी हललेले कळते. तो सुईने काढून घेतात, कधी दोन-तीनदा.

कातडी ताणलेली असल्याने पहिले काही दिवस कमरेत वाकूनच चालावे लागते. झोपताना पाठ उंच आणि गुडघ्यांखाली उशी. तरीही पहिल्या दिवसापासून उठून चालायचे असते, कारण पडून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पोटरी एकाएकी दुखली, सुजली, किंवा दम लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. घरातल्या प्रत्येकाला हे एक वाक्य पाठ असायला हवे.

सूज आणि पाझर आटोक्यात राहावा म्हणून घट्ट बेल्ट साधारण सहा आठवडे दिला जातो. बाळंतिणीचे पोट बांधण्याची रीत आपल्याला परिचित आहे, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना हा भाग लगेच पटतो. पण इथे बांधणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाचेच हवे. फार आवळले तर ताणलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा दबतो.

आहाराचा पेच यात सर्वांत अवघड. जखम भरायला प्रथिने लागतात आणि या रुग्णाचे जठर तर आधीच लहान केलेले असते. आतड्याचा पहिला भाग वळसा घालून टाळलेला असेल तर लोह नीट शोषले जात नाही. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही कमी पडू शकते. शाकाहारी माणसाला हे अधिक जड जाते. आमच्याकडे मुगाचे धिरडे, पनीर, ताक आणि डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची पूड अशी दिवसातून सहा वेळा वाटीवाटीने भरती चाले. शस्त्रक्रियेच्या आधीच रक्त तपासून ही तूट भरून काढणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

वर्षभराचे काम

टाके सुकले की लोक ‘बरी झाली’ म्हणतात. जखमेचे बळ वेगळी गोष्ट सांगते. तीन आठवड्यांनी ते मूळ त्वचेच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके असते. तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. पूर्वीइतके ते कधीच होत नाही. म्हणून पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंड यांतले काहीही सहा आठवडे उचलायचे नाही. तीन टाकेओळी जिथे एकत्र येतात तिथे जखम थोडी उघडते असे बऱ्याचदा घडते. ड्रेसिंग करत ती आतून भरू द्यावी लागते. बेंबीखाली बधिरपणा कित्येक महिने राहतो, काहींचा काही अंशी कायमचा. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चटका कळत नाही, आणि भाजते.

सूज सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. सातव्या आठवड्यात बहिणीने फोनवर विचारले, “ताई, पुन्हा वाढलं का गं?” काटा ६४ दाखवत होता. सूज हा चरबीचा परतावा नव्हे, हे तिला कळत होते. पण ज्याने वीस वर्षे काट्याची भीती बाळगली त्याला कळणे पुरत नाही. शरीर आधी बदलते, मनातले शरीर मागून येते.

वण लाल, मग तपकिरी, मग फिका होत जातो, आणि याला वर्ष-दीड वर्ष लागते. आपल्यासारख्या गहूवर्णी, सावळ्या त्वचेत वण जाड होण्याची आणि काळवंडण्याची शक्यता अधिक. सिलिकॉनची पट्टी आणि उन्हापासून आडोसा यांचा उपयोग होतो.

इथे जुने ग्रंथ पुन्हा आठवतात. सुश्रुताने चिकित्सास्थानात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत शस्त्रकर्म आणि शिवणे आहेच, पण बांधणे, आहार, रुग्णाचे रक्षण आणि भरलेल्या व्रणाला त्वचेचा रंग आणणे हेही आहे. वाग्भट तर अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात सांगतो की व्रण भरून आल्यावरही तो स्थिर होईपर्यंत अजीर्ण, श्रम, अगदी अतिहर्ष आणि क्रोधही टाळावा. ही शिस्त सहा-सात महिने पाळावी. जखम बंद होणे आणि माणूस बरे होणे यांत अंतर असते, एवढे या ग्रंथांत स्वच्छ आहे.

नावाचा परिणाम

आता नावाकडे येऊ. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्यातून वगळायच्या बाबींची भाषा प्रमाणित केली. तिच्यानुसार ठरावीक निकष पूर्ण झाले तर वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. रूप बदलणारी शस्त्रक्रिया मात्र वगळलेली आहे. अपवाद अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित केल्याचा. घडीतला वारंवारचा संसर्ग या शेवटच्या खणात बसतो का, यावर कागदांची लढाई होते. वस्तू व सेवा करातही आरोग्यसेवेला असलेली सूट सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही. उपचाराचा पहिला अर्धा भाग आजार ठरतो आणि दुसरा अर्धा हौस.

कागदाबाहेरही तेच. बहिणीच्या पोटाच्या भिंतीतला हर्निया त्याच वेळी दुरुस्त केला होता. नातेवाइकांना तिने फक्त तेवढेच सांगितले. हर्निया म्हटल्यावर शेजारणींनी डबे आणले, रजा विनातक्रार मिळाली. ज्या एकदोघींना पूर्ण माहिती होती त्यांनी विचारले, “या वयात कशाला हा नखरा?” जखम तीच, नळ्या त्याच, वाकून चालणेही तेच होते.

मला हे नाव बदलावे असे वाटते. हात भाजल्यावर त्वचा लावतात त्याला आपण पुनर्रचना म्हणतो. प्रचंड वजन उतरल्यावरच्या शस्त्रक्रियेलाही तोच शब्द लागू पडतो, कारण दोन्हींत बिघडलेला अवयव त्वचाच आहे. नाव बदलायला वेळ लागेल. तोवर ज्या घरात ही तारीख ठरत असेल त्यांनी तीन प्रश्न आधी सोडवून ठेवावेत. रात्री ड्रेन कोण रिकामा करणार? सहा आठवडे पाणी आणि सिलिंडर कोण उचलणार? आणि रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘मोठी शस्त्रक्रिया’ एवढेच पुरे आहे. ते खरेही आहे.