पगडीचं दुसरं टोक

चंडीगडला बदली झाल्यावर शेजारच्या खोलीत एक शीख मुलगा राहत होता. एका सकाळी साडेसातला त्याने दार वाजवलं. "वीरजी, जरा पूणी करवा दो." पूणी म्हणजे पगडीच्या कापडाची घडी. पाच-सहा मीटरचं किंचित ओलसर मलमल. एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. ताणायचं, दुमडायचं, पुन्हा ताणायचं. मग एक टोक दातांत धरून तो आरशासमोर उभा राहिला. तिसरा पदर वाकडा बसला तशी सगळी पगडी सोडून त्याने पुन्हा बांधली. दहाला इंटरव्ह्यू होता. जाताना मात्र त्याची मान वेगळीच दिसत होती.

डॉक्टरचा कोट, चित्रकाराचा कोट

कपड्याने खरंच काही बदलतं का? २०१२ साली अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या हाजो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना पांढरा कोट डॉक्टरचा म्हणून घालायला दिला, काहींना तोच कोट चित्रकाराचा म्हणून. बारकाईने लक्ष द्यायच्या कामात 'डॉक्टर' सरस ठरले. कोट एकच, फरक त्याच्या अर्थाचा.

पुढे २०१९ मध्ये याच अभ्यासातला दुसरा एक प्रयोग जास्त माणसांवर करून पाहिला, तेव्हा परिणाम दिसला नाही. तेव्हा कोट चढवला की बुद्धी वाढते, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. अर्थाची गोष्ट मात्र मला पटते, आणि तिच्यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही.

महाड, १९२७

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी खास बोलले. लुगडं पायघोळ नेसा, अंगावरचे जात दाखवणारे जड दागिने उतरवा, असं त्यांनी सांगितलं; आणि कित्येकींनी तिथेच नेसण्याची पद्धत बदलली. कापड तेच होतं, फक्त नेसण्याची तऱ्हा पालटली. स्वतः बाबासाहेबांचा सूट-बूटही याच नजरेने पाहायला हवा. ज्यांनी नीटनेटकं राहूच नये अशी समाजाची सक्ती होती, त्यांच्यासाठी कडक इस्त्री ही हौस नव्हती.

नेमून दिलेला पोशाख

जुलै २०२५ मध्ये चंडीगडने सरकारी शाळांतल्या शिक्षकांसाठी पोशाख ठरवला. आपल्याकडे महाराष्ट्रात २०२४ मध्ये शिक्षकांसाठी तशाच सूचना निघाल्या; त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट बंद झाले होते, पुढच्याच वर्षी जीन्सला सवलत मिळाली. अशा पोशाखाने सकाळचं 'आज काय घालू' मिटतं, हा फायदा खराच. पण त्यातून धीर येतो का, हे त्या कपड्याला काय मान आहे यावर ठरतं. चंडीगडच्या सेक्टर एकमधल्या हायकोर्टात नवशिका वकील काळ्या कोटात, गळ्याला पांढरे बँड लावून घामाने निथळत असतो, तरी कोटावर खूश असतो.

अंगावर काय, खिशात काय

असा धीर यायला महागडं काही लागत नाही. सेक्टर २२ च्या शास्त्री मार्केटमध्ये घासाघीस करून शर्ट घ्यावा आणि खांदा बसत नसेल तर तो घेऊच नये. लांब बाह्या शिंप्याकडून आखूड करता येतात, खांदा दुरुस्त करणं कटकटीचं. बुटांना आदल्या रात्रीच पॉलिश. आणि नवे कपडे घरी एकदा घालून खाली बसून, हात वर करून पाहावेत. दिवसभर शर्ट खाली ओढत बसलेल्या माणसाचं निम्मं लक्ष शर्टातच राहतं.

हवेचंही बघावं लागतं. माझा इथला पहिला दिवस जानेवारीतला, बाहेर दाट धुकं. पुण्याहून शिवून आणलेला पातळ ब्लेझर घालून मी ऐटीत ऑफिसला गेलो. ओळख करून देताना आवाज थरथरत होता. साहेबांनी पाठीवर हात ठेवला, "घबराओ मत." मी घाबरलो नव्हतो, गारठलो होतो, पण ते सांगायलाही दात जुळेनात. त्याच संध्याकाळी आत घालायला लुधियानाचा एक जाड बिनबाह्यांचा स्वेटर घेतला.